घरून काम सुरू करताय? ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या जॉइनरसाठी पहिले तीन महिने

मागच्या जुलैत आमच्या टीममध्ये एक मुलगा जॉइन झाला, डोंबिवलीचा, कॉलेजमधून नुकताच बाहेर पडलेला. लॅपटॉप कुरियरने घरी पोचला, पहिल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी हाय-हॅलो केलं आणि मग तीन दिवस त्याच्याकडून काहीच नाही. मला वाटलं डॉक्युमेंट वाचत असेल. चौथ्या दिवशी फोन केला तेव्हा कळलं की एका सिस्टीमचा अ‍ॅक्सेसच त्याला मिळाला नव्हता, पहिल्याच दुपारी अडकला होता, आणि "मॅडम तुम्ही सगळे मीटिंगमध्ये दिसत होतात, म्हटलं कशाला त्रास द्यायचा" म्हणून गप्प बसून राहिला होता. ऑफिसात असता तर शेजारच्याने त्याचा चेहरा बघून दहा मिनिटांत विचारलं असतं, काय रे, काय झालं? अ‍ॅक्सेस पाच मिनिटांत मिळाला, पण त्या तीन दिवसांत पोरगा घाबरून गेला होता, त्याला वाटलं नोकरी जाणार. त्याला आधी फोन न करणं ही माझी चूक होती आणि तेव्हापासून मी प्रत्येक नव्या जॉइनरला जे बसून सांगते ते इथे लिहून काढतेय.

मी ऐरोलीत एका कंपनीत टीम लीड आहे, राहायला घोडबंदर रोडला, मार्च २०२० पासून कधी पूर्ण घरून तर कधी आठवड्याचे दोन-तीन दिवस घरून असं काम केलंय. घरून काम चांगलं की वाईट यावर मी भांडत नाही. मला एवढंच कळलंय की घरून काम करताना तुमचं काम कुणाला दिसत नाही आणि तुमची अडचण तर त्याहून दिसत नाही, दोन्ही मुद्दाम दाखवावं लागतं, आणि हे नवीन माणसाला कुणी सांगत नाही.

१. ऑफर लेटर आलं की आधी हे विचारा

"हायब्रिड" या शब्दावर खूश होऊ नका. आठवड्यातले नेमके किती दिवस ऑफिस, कुठलं ऑफिस, दिवस कोण ठरवणार, हे ईमेलवर विचारा, फोनवरचं बोलणं पुढे कुणाला आठवत नाही. ट्रेनिंग कुठे आहे तेही विचारा. बऱ्याच जणांना वाटतं घरूनच आहे ना, मग कशाला रूम बघायची, आणि महिन्याभरात मेल येतो की सोमवारपासून रोज महापे. मग साताऱ्याहून नाहीतर नाशिकहून आलेली मुलं दोन दिवसांत घणसोलीत नाहीतर कोपरखैरणेत पीजी शोधत फिरतात आणि मिळेल त्या भाड्याला हो म्हणतात.

ऐरोली-महापे पट्ट्यातली काही ऑफिसं सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) आहेत, तिथे घरून कामाची परवानगी कंपनीच्या एकटीच्या मर्जीवर नसते. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये सेझमधल्या युनिट्ससाठी घरून कामाचा वेगळा नियम आणला, सुरुवातीला ५० टक्के कर्मचाऱ्यांपर्यंत, नंतर तो सैल केला. तुम्हाला कायदा वाचायची गरज नाही, फक्त एचआरला विचारा की आपलं युनिट सेझमध्ये आहे का आणि लॅपटॉप बाहेर न्यायला गेटपास लागतो का. पहिल्याच दिवशी संध्याकाळी गेटवर सिक्युरिटीने अडवलं की फार अवघडल्यासारखं होतं.

आणि एक अगदी गंभीर गोष्ट. जॉबच्या नावाखाली लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, "रजिस्ट्रेशनचे फक्त दोन हजार" असं कुणी मागितलं तर एक रुपयाही देऊ नका, कितीही भारी लेटरहेड असलं तरी. व्हिडिओ लाईक करा, रेटिंग द्या आणि घरबसल्या कमवा हे पण तसलंच, आधी शंभर-दोनशे खात्यात येतात म्हणून विश्वास बसतो आणि मग मोठी रक्कम भरायला लावतात. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे जायच्या आधी अडवता यायची शक्यता जास्त.

२. घरात जागा

इंटरनेटवरच्या फोटोत कोपऱ्यात झाड, लाकडी टेबल, मोठी खिडकी असते. आपल्याकडे वन बीएचकेत पाच माणसं असतात. त्यामुळे वेगळी खोली विसरा, पण एक ठरलेली जागा मात्र हवीच, रोज तीच. बेडवर बसून काम करू नका, पहिला आठवडा बरं वाटतं, महिन्याभरात मान आणि कंबर दोन्ही बोलायला लागतात. साधं फोल्डिंग टेबल आणि डायनिंगची खुर्ची चालते, पाठीला उशी, पाय जमिनीला टेकलेले, आणि लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवून स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणा. वेगळा कीबोर्ड-माऊस घ्या, पहिल्या पगारातला हाच खर्च मी सगळ्यांना आधी करायला लावते. पाठ भिंतीकडे करून बसलात की कॉलवर मागून टॉवेल गुंडाळलेले काका जाणार नाहीत.

घरच्यांशी बोलणं हे टेबलापेक्षा महत्त्वाचं. आईला, आजीला, सासूबाईंना "ऑनलाईन आहे" म्हणजे काय ते एकदा नीट समजावून सांगा, चिडून नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर तुम्ही घरी आहात, म्हणजे गॅस सिलेंडर घ्यायला, पार्सल घ्यायला, दूध तापत ठेवलंय तिकडे बघायला मोकळेच आहात, त्यात त्यांची काय चूक? आमच्याकडे मी फ्रिजवर रोज सकाळी कागद लावते, कॉल कधी ते लिहून, उदाहरणार्थ ११ ते ११:३० आणि ४ ते ५. सासूबाई आता त्या वेळेत कुकर लावत नाहीत, मिक्सर तर आधीच उरकून घेतात. आणि त्या कागदावर मी मोकळी कधी तेही लिहिते, नाहीतर आपण घरात असून नसल्यासारखे होतो आणि त्याचा राग साचत जातो.

३. नेट आणि लाईट

एका व्हिडिओ कॉलला साधारण तीन-चार एमबीपीएस पुरतं, त्यामुळे ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेण्यापेक्षा राऊटर कुठे आहे ते बघा. बहुतेक घरात तो हॉलमध्ये टीव्हीमागे असतो आणि तुम्ही बेडरूममध्ये दोन भिंतींपलीकडे. जवळ आणा किंवा सरळ केबल लावा. मोबाईलचं सिम ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं ठेवा, म्हणजे एक बंद पडलं तर दुसऱ्याचा हॉटस्पॉट चालेल. घोडबंदरला मेट्रोच्या आणि रस्त्याच्या खोदकामात केबल तुटणं काही नवीन नाही.

लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राऊटर बंद पडतो, हे पहिल्या वेळी कळतं आणि तेव्हा नेमका क्लायंट कॉल असतो. राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस मिळतो, घेऊन ठेवा, पावसाळ्याआधी. घेताना राऊटरच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अ‍ॅम्पिअर लिहिलंय ते बघून घ्या. महावितरणकडे आपला मोबाईल नंबर ग्राहक क्रमांकाला जोडलेला असेल तर ठरलेल्या शटडाऊनचा एसएमएस येतो, भाड्याच्या घरात तो घरमालकाला जातो, म्हणून त्यांना सांगून आपला नंबर टाकून घ्या. आणि बिल वाढणार हे धरून चाला, १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर चढतो, दिवसभर पंखा-लॅपटॉप-एसी म्हटल्यावर स्लॅब ओलांडतोच. रूममेट असतील तर यावर पहिल्याच महिन्यात बोलून घ्या.

४. पहिले पंधरा दिवस: विचारायचं कसं

सगळ्यात जास्त वेळ मला यावर द्यायचाय.

ऑफिसात आपण किती तरी गोष्टी न विचारता शिकतो. मागच्या टेबलावर दोन सिनियर कुठल्यातरी बगवर बोलत असतात, कानावर पडतं. फोनवर क्लायंटला नाही कसं म्हणायचं ते शेजारच्या मॅडमचं ऐकून कळतं. टपरीवर चहा पिताना कळतं की कुठला रिपोर्ट खरंच कुणी वाचतं आणि कुठला नुसता पाठवायचा म्हणून पाठवतात. घरी यातलं काहीच कानावर पडत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअर्सवर अभ्यास झालाय, त्यात टीमच्या जवळ बसणाऱ्यांना त्यांच्या कोडवर जास्त फीडबॅक मिळत होता, आणि त्याचा फायदा सगळ्यात जास्त नव्या, तरुण लोकांना होता. मात्र हा फीडबॅक द्यायला सिनियर लोकांचा वेळ जात होता, त्यांचं स्वतःचं काम कमी होत होतं. म्हणजे घरून कामात सिनियरचा वेळ वाचतो आणि नवीन माणसाचं शिकणं कापलं जातं, आणि हे कुणाला लगेच दिसतही नाही.

म्हणून नियम असा ठेवा: अर्धा तास स्वतः प्रयत्न, मग विचारायचं. अर्धा तास म्हणजे अर्धाच तास, घड्याळ लावून. आणि मेसेज पूर्ण लिहा. "हाय मॅडम" एवढंच पाठवून वाट बघत बसू नका, समोरची कॉलवर असते, तासाभराने "बोल" म्हणते, तेव्हा तुम्ही जेवायला गेलेले असता, आणि दिवस संपतो. त्याऐवजी एकाच मेसेजमध्ये असं:

"गुड मॉर्निंग. मी इन्व्हॉइस रिपोर्टवर अडकलोय. लॉगिन होतंय, पण रिपोर्ट उघडला की परमिशनचा एरर येतोय, स्क्रीनशॉट खाली जोडलाय. पासवर्ड रिसेट करून बघितला, सेटअपच्या डॉक्युमेंटमध्ये याबद्दल काही सापडलं नाही. हा अ‍ॅक्सेस कोणाकडे मागायचा? तोपर्यंत मी टेस्ट केसेस लिहायला घेतोय."

यात काय अडलं, काय करून बघितलं, काय हवंय आणि तोवर काय करतोय हे सगळं आलं. असा मेसेज आला की मी चालता चालता मोबाईलवरून उत्तर देते. शक्यतो टीमच्या ग्रुप चॅनलवर विचारा, खासगीत नको. नव्या मुलांना ग्रुपवर विचारायची लाज वाटते, सगळ्यांना कळेल मला येत नाही म्हणून. पण तुम्हाला येत नाही हे सगळ्यांना माहितीच आहे, काल जॉइन झालात! ग्रुपवर विचारलं की मी नसले तरी दुसरं कुणी उत्तर देतं आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्याला तेच उत्तर शोधून सापडतं.

दुसरं, जॉइन झाल्या झाल्या लीडला एक "बडी" मागा, म्हणजे असा एक माणूस ज्याला बिनधास्त फोन करता येईल. रोज पंधरा मिनिटं त्याच्याबरोबर स्क्रीन शेअर करून बसा, तो काम करतोय ते नुसतं बघा. मला विचाराल तर दहा ट्रेनिंग व्हिडिओंपेक्षा हे जास्त कामाचं आहे.

आणि रोज संध्याकाळी तीन ओळी लिहून पाठवा, आज काय झालं, काय अडलं, उद्या काय. कुणी मागितलं नसेल तरी. अप्रेझलच्या वेळी मागचे सहा महिने कुणालाच आठवत नाहीत, तुमच्या त्या ओळी तेव्हा कामाला येतात.

५. कॅमेरा आणि मीटिंग

पहिला महिना कॅमेरा चालू ठेवा, लोकांना तुमचा चेहरा आणि आवाज जोडता आला पाहिजे. नंतर टीमची पद्धत बघा. दिवसभर व्हिडिओवर राहिलं की जो थकवा येतो त्यावर स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये लिहिलंय, कारणं त्यांनी अशी सांगितली की खूप चेहरे अगदी जवळून सतत आपल्याकडे बघतायत असं वाटतं, स्वतःचाच चेहरा सतत समोर दिसतो, हलता येत नाही, आणि हावभाव समजून घ्यायला डोक्याला जास्त कष्ट पडतात. यावर सोपं म्हणजे स्वतःचा चौकोन लपवायचा ऑप्शन वापरा आणि स्क्रीनवरची कॉलची खिडकी लहान करा. नुसतं ऐकायचा कॉल असेल तर विचारून कॅमेरा बंद करा आणि उभं राहून ऐका. म्यूट मात्र बोलायची वेळ सोडून कायम, गणपतीत सोसायटीच्या मंडपातला स्पीकर तुमच्या माइकमधून अख्ख्या टीमला ऐकू जातो.

६. काम संपवायचं

मी आधी घोडबंदरहून रिक्षा-बस करत स्टेशन, मग ट्रान्स-हार्बरने ऐरोली असं जायचे. ठाणे ते ऐरोली ट्रेन दहा-बारा मिनिटांची, पण घरापासून स्टेशनलाच माजिवडा-कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये तास जायचा. हा प्रवास गेला याचा मला मनापासून आनंद झाला होता. तो गेल्यावर कळलं की येताना ट्रेनमध्ये दारातून वारा खात उभं राहताना डोक्यातलं ऑफिस उतरत जायचं, आणि आता लॅपटॉप बंद करून तिसऱ्या मिनिटाला मी पोळ्या लाटत असायचे आणि डोक्यात मेलच चालू. चिडचिड व्हायची, मुलावर निघायची.

त्यामुळे प्रवासाच्या जागी काहीतरी ठेवाच. काम संपलं की वीस मिनिटं घराबाहेर, उपवन असो, तलावपाळी असो, नवी मुंबईत सेक्टरमधलं गार्डन असो, नाहीतर नुसतं सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन कोथिंबीर आणणं असो. लॅपटॉप बॅगेत, बॅग कपाटात. फोनवरचं ऑफिसचं चॅट रात्री म्यूट.

"ऑफिसनंतर फोन न उचलायचा हक्क" आपल्याकडे कायद्यात नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे, आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, कायदा झाला नाही. म्हणून हे आपल्यालाच बोलून ठरवावं लागतं. लीडला पहिल्याच आठवड्यात विचारा, "रात्री आठनंतर मेसेज आला तर तो सकाळी बघितला तर चालेल का, आणि खरंच अर्जंट असेल तर फोन कराल ना?" माझ्या टीममधल्या एकीने मला हे विचारलं तेव्हा मला तिचं कौतुकच वाटलं, आणि मी रात्रीचे माझे मेसेज सकाळी जातील असे शेड्यूल करायला लागले.

एकटेपणाचं पण इथेच बोलते. घरच्यांपासून लांब पीजीत राहून, दिवसभर हेडफोन लावून, संध्याकाळी लक्षात येतं की आज कुणाशी एक वाक्य कामाशिवाय बोललो नाही. हे दोन-तीन आठवडे सलग होत असेल, झोप उडाली असेल, तर ते मनाचं नाटक नाही, सांगा कुणाला तरी. एका ठिकाणी बसायचा कंटाळा आला तर अभ्यासिका, लायब्ररी बघा, ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, अशा ठिकाणी कॉल घेता येणार नाही, वाचायचं नाहीतर लिहायचं काम मात्र छान होतं.

७. ऑफिसचा दिवस वाया घालवू नका

चीनमधल्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीत २०१०-११ मध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांचा प्रयोग केला होता, कॉल सेंटरमधल्या तयार असलेल्या लोकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणं निम्म्यावर आलं. मॅनेजर लोकांना हे फार आवडतं सांगायला. पण त्यातल्या दोन गोष्टी नवीन माणसाने वाचाव्यात. एक, त्या प्रयोगात घ्यायची अटच अशी होती की कंपनीत किमान सहा महिने झालेले हवेत आणि घरी स्वतंत्र खोली हवी. दुसरी, सारखंच काम करूनही घरून काम करणाऱ्यांना प्रमोशन कमी मिळालं. प्रयोग संपल्यावर परत निवडायला दिलं तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी आपला पर्याय बदलला, घरून काम करणारे बरेच जण ऑफिसला परतले. पुढे त्याच कंपनीत आठवड्यातले दोनच दिवस घरून असा प्रयोग १,६०० हून जास्त लोकांवर झाला, तो २०२४ मध्ये छापून आला, त्यात नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी झाले आणि प्रमोशनला फटका बसला नाही.

म्हणून पहिले सहा महिने शक्य असेल तर ऑफिसचे दिवस जास्त घ्या, आणि टीमही येते त्याच दिवशी जा. एसी आणि फुकट कॉफीसाठी शुक्रवारी जाऊन रिकाम्या फ्लोअरवर हेडफोन लावून बसलात तर त्यापेक्षा घरी बरं. ऑफिसच्या दिवशी मेल कमी, माणसं जास्त. दुसऱ्या टीममधल्या एकाबरोबर जेवा. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजार कर्मचाऱ्यांवरचा २०२१ चा अभ्यास सांगतो की सगळे घरून काम करायला लागल्यावर लोक आपापल्या गटातच बोलत राहिले, गटांमधले दुवे कमी झाले. हे आम्हाला अनुभवाने माहिती होतं, आमच्या आणि टेस्टिंग टीमच्या भांडणातलं अर्धं भांडण समोरासमोर वडापाव खाताना संपलं होतं.

८. मुलींसाठी, आणि लीड असाल तर तुमच्यासाठीही

घरून काम म्हणजे घर पण सांभाळता येईल, असं लग्न ठरवताना बिनदिक्कत बोलतात. तुम्हीच आधी सांगा की नऊ तास मी नोकरीवर असते, फक्त जागा घर आहे. २०१७ पासून कायद्यात बाळंतपणाच्या रजेनंतर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, कंपनीशी ठरवून घरून काम करायची तरतूद आहे, एचआर आपणहून सांगत नाही, विचारा. आणि व्हिडिओ कॉलवर, चॅटवर, रात्रीच्या मेसेजमध्ये कुणी घाणेरडं वागलं तर "ऑफिसमध्ये थोडीच घडलं" असं समजू नका, २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यातल्या कामाच्या जागेच्या व्याख्येत घरही येतं. दहा किंवा जास्त माणसांच्या कंपनीत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. स्क्रीनशॉट ठेवा, साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या.

लीड लोकांना एकच विनंती, नव्या जॉइनरला पहिले दहा दिवस रोज स्वतः फोन करा. "काही अडचण?" असं विचारू नका, सगळे नाहीच म्हणतात. "आज कुठे अडलास, स्क्रीन दाखव" असं विचारा.

९. नाही जमत असेल तर

तीन महिने झाले आणि घरून जमतच नाहीये, जागा नाही, लक्ष लागत नाही, शिकणं होत नाही, तर गप्प राहून रेटिंग खाली जायची वाट बघू नका. लीडला मेल करा: "पुढचे दोन महिने मला आठवड्यातून चार दिवस ऑफिसला यायचंय, घरी कॉलसाठी जागा नाही आणि मला अमुक अमुक शिकायला समोर बसायची गरज वाटते." डोंबिवलीच्या त्या मुलाने सप्टेंबरात मला हाच मेल केला. दुसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या शेजारची सीट बुक करून दिली. आता तो सोमवार ते गुरुवार येतो, शुक्रवारी घरून करतो, आणि मागच्या आठवड्यात नवीन आलेल्या मुलीचा बडी म्हणून त्याने स्वतःहून नाव दिलंय.